नवे डिझायनर शोधायचे तर कापडाच्या मागावर जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरच्या राजारामपुरीत छोटं बुटीक सुरू करायचं आहे. हाताशी साधारण ३ लाख रुपये आहेत. सुरत-जयपूरच्या होलसेल कॅटलॉगमधला माल न ठेवता नव्या, स्वतंत्र डिझायनरांची कलेक्शन ठेवायची आहेत. असे डिझायनर सापडतात कुठे, आणि त्यांचं काम खरोखर चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

बहुतेक जण सुरुवात इन्स्टाग्रामपासून करतात. तिथे कोणाचे फोटो चांगले आहेत एवढंच कळतं, कोणाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, नीट बसतो ते कळत नाही. नवा डिझायनर गिऱ्हाइकाला माहीत होण्याच्या बऱ्याच आधी तीन-चार माणसांना माहीत झालेला असतो: कापड विणणारा, रंगवणारा, छापणारा आणि पॅटर्न कापणारा मास्टर. कारण साधं आहे. जिथे व्यापारी एका रंगात हजार मीटर उचलतो, तिथे हा माणूस वीस मीटर मागतो, रंग दोनदा परत पाठवतो आणि काठ अर्धा इंच कमी करून द्या म्हणतो. असं गिऱ्हाईक कारागिराच्या लक्षात राहतं. म्हणून शोध कापडापासून सुरू करा.

कोल्हापूरकरांची यात मोठी सोय आहे. इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि आज पॉपलिन-केंब्रिकपासून शर्टिंगपर्यंत सगळं तिथे विणलं जातं. तिथल्या सॅम्पल काढून देणाऱ्या माग मालकांकडे, प्रोसेसिंगवाल्यांकडे आणि कमी मीटरचं काम घेणाऱ्या डिजिटल प्रिंटवाल्यांकडे जा आणि विचारा, "कमी मीटरमध्ये पण पुन्हा पुन्हा कोण घेतं?" नावं लगेच मिळणार नाहीत, कारण कोणताही व्यापारी आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हाती देत नाही. नाव मागूच नका. तुमचं कार्ड ठेवा, बुटीक काढतेय, तयार कपडे विकत घ्यायचे आहेत, अशा गिऱ्हाइकांना माझा नंबर द्या, एवढंच सांगा. डिझायनरचा माल खपला तर कापडही जास्त जाईल हे त्यांना कळतं, त्यामुळे निरोप पोचतो. प्रश्नातला "पुन्हा पुन्हा" हा शब्द महत्त्वाचा. एकदाच वीस मीटर नेलेले शेकडो असतात. वर्षभरात चार वेळा आलेला माणूस हवा.

हीच वाट खणाच्या बाबतीत कर्नाटकातल्या गुळेदगुडला जाते, इरकलीच्या बाबतीत तिथल्याच इळकलला, पैठणीच्या बाबतीत येवल्याला. वैशाली शडांगुळे यांनी खणाच्या कापडावर काम केलं, आणि २०२१ मध्ये पॅरिसच्या हॉट कुटूर वीकमध्ये, म्हणजे मापाने, हाताने घडवलेल्या उंची कपड्यांच्या सोहळ्यात, त्यांचं कलेक्शन दाखवलं गेलं. आपल्याकडे चोळीपुरतं राहिलेलं कापड कुठवर जाऊ शकतं ते यात दिसतं. आणखी एक: डिझायनर म्हणजे कॉलेजमधून बाहेर पडलेला, लॅपटॉप घेतलेला तरुण, हे चित्र डोक्यातून काढून टाका. कच्छमध्ये आदिपूरला सोमैया कला विद्या ही संस्था विणकर, बांधणीवाले आणि अजरख छापणारे यांनाच डिझाइन शिकवते. महेश्वरला हँडलूम स्कूल आहे. तिथून शिकलेला विणकर स्वतःच्या नावाने कलेक्शन काढतो, तेव्हा मधला एक हात कमी होतो आणि कापडाविषयी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर थेट मागावरून मिळतं. नव्या बुटीकने यातला किमान एक तरी जोडावा असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी वाट कॉलेजांची. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचं मुंबई केंद्र खारघरला आहे, एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था अहमदाबादला, पुण्यात सिम्बायोसिस आणि एमआयटीच्या डिझाइन संस्था. अभ्यासक्रमाच्या शेवटी मुलं आपलं काम मांडतात. तिथे जरूर जा, पण ऑर्डर देऊ नका. पदवीच्या कलेक्शनमध्ये पाच-सहा पोशाख असतात, तेही एकाच मॉडेलच्या मापाचे, आणि त्यातला बराचसा भाग हाताने, रात्री जागून केलेला. तोच पोशाख लार्ज आणि एक्स्ट्रा लार्जमध्ये, वीस नगांत, ठरल्या तारखेला देता येईल का, याचा त्या मुलीने अजून विचारच केलेला नसतो. वहीत नाव, कापड, आवडलेली गोष्ट लिहा आणि दीड-दोन वर्षांनी ती काय करतेय ते पाहा. कोल्हापुरातल्या फॅशन डिझाइन कॉलेजांच्या वर्षअखेरच्या प्रदर्शनांनाही हाच नियम.

तिसरी वाट मोठ्या मंचांची. लॅक्मे फॅशन वीक आणि एफडीसीआय ही भारतीय डिझायनरांची परिषद २०२१ पासून एकत्र भरवत असलेल्या फॅशन वीकमध्ये जेननेक्स्ट नावाचा नवोदितांचा कार्यक्रम असतो. राहुल मिश्रा यांनी २००६ मध्ये केरळच्या हातमागाच्या कापडातलं कलेक्शन तिथेच दाखवलं होतं, आणि २०१४ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला. मसाबा गुप्ता आणि नचिकेत बर्वे हेही जेननेक्स्टमधूनच पुढे आले. टिकाऊ कापड आणि पुनर्वापर यावर काम करणाऱ्यांसाठी त्याच मंचावर सर्क्युलर डिझाइन चॅलेंज असतं. जुन्या साड्यांतून वस्तू घडवणारा 'आय वॉज अ सारी' हा मुंबईचा उपक्रम त्याचा पहिला विजेता.

या मंचांवर निवडलेल्यांच्या याद्या वाचायची पद्धत मात्र उलटी ठेवा. यंदाच्या नावांमागे सगळेच धावतात आणि त्या सहा महिन्यांत त्या मुलांना श्वास घ्यायला वेळ नसतो. तीन वर्षांपूर्वीची यादी काढा, विजेत्यांबरोबर फक्त निवडले गेलेलेही घ्या, आणि त्यातले कोण अजून कपडे करतायत ते बघा. काही नोकरीला लागलेले असतील, काहींनी लग्नाच्या लेहेंग्यांकडे मोर्चा वळवला असेल. जे आपल्याच कापडावर टिकून आहेत ते तुमचे. त्यांना आता बातमीपेक्षा नियमित विक्रीची गरज असते आणि कोल्हापूरच्या छोट्या दुकानाचा फोन ते उचलतात.

चौथी वाट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही: स्टायलिस्ट. मराठी चित्रपटांच्या आणि मालिकांच्या प्रसिद्धीत अभिनेत्रींनी घातलेल्या कपड्यांचं श्रेय फोटोखाली लिहिलेलं असतं. अभिनेत्रीला नाही, स्टायलिस्टला फॉलो करा. स्टायलिस्टला दर आठवड्याला नवा लेबल लागतो आणि फुकट कपडे पाठवायला नवे डिझायनरच तयार असतात. दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे पंचवीस-तीस नावं जमतील.

प्रदर्शनांबद्दल थोडक्यात. मुंबईचा काळा घोडा महोत्सव, पुण्याची भीमथडी जत्रा, दिवाळीआधी कोल्हापुरात हॉलमधून भरणारी प्रदर्शनं, सगळीकडे जा, पण शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका. मधल्या दिवशी दुपारी जा. तेव्हा स्टॉलवर डिझायनर स्वतः असतो आणि बोलायला मोकळा असतो.

आता इन्स्टाग्राम. ते शोधायला वापरण्यापेक्षा तपासायला वापरा. डिझायनरच्या स्वतःच्या पोस्ट सोडून आधी 'टॅग केलेले' फोटो उघडा. तिथे गिऱ्हाइकांनी घातलेले कपडे दिसतात: वेगवेगळ्या अंगाचे, घरच्या उजेडात, थोडे चुरगळलेले. तोच कुर्ता चार वेगळ्या बायकांवर बरा दिसत असेल तर पॅटर्न चांगला आहे. टॅगमध्ये फक्त मॉडेल आणि इन्फ्लुएन्सर असतील तर विक्री कमी आहे असं समजा. मग फोटोंमध्ये कपड्याची मागची बाजू दिसते का ते पाहा. मागून झोळ येतो तो कपडा कोणी मागून दाखवत नाही. त्यानंतर दोन-तीन फोटो गूगल लेन्समध्ये टाका. होलसेल कॅटलॉगमधला माल उचलून त्यावर आपलं लेबल शिवणारे बरेच आहेत, आणि लेन्समध्ये तोच कुर्ता सहा दुकानांत सहा नावांनी दिसला की विषय संपला.

शंका उरलीच तर एक प्रश्न पुरेसा आहे: "कापड कुठलं, काउंट (सुताची बारीकी) काय, आणि धुतल्यावर किती आटतं?" स्वतः काम करणारा माणूस या प्रश्नाने खुलतो. ताण्याला काय सूत आहे, बाण्याला काय, पहिल्या लॉटमध्ये काय बिघडलं, हे तो न विचारता सांगायला लागतो. "प्युअर कॉटन आहे, मॅम" इतकंच उत्तर आलं तर पुढे जा. कागदी पॅटर्नचा किंवा मांजरपाटात शिवून पाहिलेल्या नमुन्याचा फोटो मागायलाही हरकत नाही. तो कुठून तरी उचलून पाठवणं तितकं सोपं नसतं.

एवढं झाल्यावर नावं दहा-बारावर येतील. इथे माझा एक पक्का आग्रह आहे: पहिलं कलेक्शन बघून ठरवू नका, दुसरं बघा. पहिल्या कलेक्शनमध्ये माणसाने आयुष्यभर साठवलेलं सगळं ओतलेलं असतं, वेळ आणि घरचे पैसेही. दुसरं कलेक्शन सहा-आठ महिन्यांत, पहिल्याची विक्री सांभाळत, उरलेल्या पैशांत करावं लागतं. खरी कुवत तिथे दिसते. पॅरिसच्या एलव्हीएमएच या लक्झरी कंपनीचा पुरस्कार चाळिशीच्या आतल्या डिझायनरांसाठी आहे, आणि त्यांनाही अर्ज करण्याआधी किमान दोन कलेक्शन केलेली असावी लागतात.

दोन्ही कलेक्शन शेजारी ठेवा आणि बघा: पहिल्यातलं काय पुढे आलंय? समजा, पहिल्यात घोंगडीच्या पट्ट्यांवरून काढलेली काळी-पांढरी रेघ होती. दुसऱ्यात ती रेघ बारीक होऊन बाहीच्या टोकाला आली, एका कुर्त्यात आडवी झाली, तर हा माणूस एक विचार घेऊन चाललाय. पहिल्यात घोंगडी, दुसऱ्यात एकदम अजरख, तिसऱ्यात समुद्र आणि शंख-शिंपले असं असेल तर तो बाजारात काय चालतंय ते बघून उड्या मारतोय. त्याचे कपडे वाईट असतील असं नाही, पण तुमच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा दुकानात आणणारं काही त्यात नसतं.

यानंतर एक नग पूर्ण पैसे देऊन मागवा. फुकट सॅम्पल मागू नका. नव्या डिझायनरचा एक नग म्हणजे त्याचे हजार-पंधराशे रुपये असतात, आणि शिवाय फुकटचा नग तो निवडून, तपासून पाठवतो. गिऱ्हाइकाला जातो तसाच नग तुमच्याकडे यायला हवा. पहिला निरोप असा पाठवता येईल:

"नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत बुटीक सुरू करतेय. तुमच्या दुसऱ्या कलेक्शनमधला उभ्या पट्ट्यांचा निळा कुर्ता पाहिला, आवडला. चार डिझाइन, प्रत्येकी सहा नग, अशी पहिली ऑर्डर द्यायचा विचार आहे. त्याआधी एक नग एमआरपीला विकत घेते. लाइनशीट (डिझाइनची फोटोंसह यादी), होलसेल भाव, इंचांत साइज चार्ट, आणि ऑर्डरपासून किती दिवसांत माल मिळतो ते कळवाल का? कापडाचा अर्धा मीटर तुकडाही हवा आहे, त्याचे पैसे वेगळे देते."

नग आला की आधी उलटा करा. खणाचं जाकीट आलंय असं धरून सांगतो, कारण चुका सगळ्यात जास्त त्यातच होतात. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, त्यामुळे पाठीत किंवा बाजूला जोड येतोच. तो जोड काठावर किंवा नक्षीच्या मधल्या मोकळ्या ओळीवर घेतला असेल तर कापणाऱ्याने विचार केलाय. नक्षी मधोमध तुटली असेल तर कापड वाचवलंय. मग शिवणीच्या आतली दाब, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं कापड, बघा. खणाचे धागे सुटतात, म्हणून अर्धा इंच दाब आणि तिला ओव्हरलॉक किंवा पट्टी हवीच. पाव इंच दाब ठेवून नुसतं ओव्हरलॉक मारलेलं जाकीट चार-सहा वेळा घातलं की काखेत उसवतं. दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवून हलकेच ओढा. शिवणीलगत धागे सरकून जाळी दिसायला लागली तर तो नग आहे तसा ठेवता येणार नाही. चंदेरी आणि ऑर्गन्झालाही हीच परीक्षा.

टाके मोजा. पट्टी लावून एका इंचात दहा ते बारा टाके असावेत. सात-आठ असतील तर घाईत मशीन पळवलंय आणि शिवण कच्ची राहते. पातळ कापडावर सोळाच्या पुढे गेले तर सुईच्या भोकांनी कापड फाटतं.

अस्तर हा तर वेगळाच विषय आहे. वरचं कापड रेशमी किंवा कृत्रिम धाग्याचं आणि आतलं अस्तर न धुतलेल्या सुती कापडाचं, असं झालं की पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही. मग अस्तर वरच्या कापडाला आत ओढतं, घेराला चुण्या पडतात आणि जाकीट पुढून वर चढतं. गिऱ्हाईक म्हणतं शिलाई खराब आहे. शिलाई ठीक असते, कापड कापण्याआधी भिजवलेलं नसतं. डिझायनरला सरळ विचारा: अस्तर आधी धुऊन घेता का?

अर्ध्या मीटरच्या तुकड्यावर बॉलपेनने बरोबर ४० सेंटिमीटरचा चौकोन आखा. साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. ३८.८ आलं तर ३ टक्के आटलंय, सुती कापडाला हे चालतं. ३८ आलं तर ५ टक्के, म्हणजे ४४ इंच उंचीचा कुर्ता सव्वादोन इंच तोकडा होणार. असं कापड आधी धुऊनच कापायला हवं, त्यात तडजोड नको. ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासून रंग बघा. निळीचा म्हणजे इंडिगोचा रंग थोडा लागतोच, तो दोष नाही, पण लेबलवर तसं लिहिलेलं हवं आणि तुमच्या काउंटरवरच्या मुलीला ते सांगता आलं पाहिजे. एका चिंधीवर पुठ्ठा अर्धा झाकून ती आठवडाभर उन्हात ठेवा. हळदीचा पिवळा उन्हात फार लवकर उडतो, म्हणून 'नैसर्गिक रंग' म्हटलेल्या पिवळ्याला ही परीक्षा घेतल्याशिवाय हात लावू नका. कापड काय आहे याची शंका असेल तर दोन धागे जाळा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. बाजारातला बराचसा खण आज यंत्रमागावरचा, कृत्रिम धाग्याचा आहे. तो विकायला हरकत नाही, पण हातमागाचा म्हणून आणि त्या भावाने विकायचा नाही.

मापाची तपासणी पहिल्या ऑर्डरनंतर करायची. एकाच साइजचे तीन नग जमिनीवर सपाट पसरा, छाती, मुंढा आणि उंची मोजा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर कापणी हाताबाहेर आहे. नव्या डिझायनरांचे साइज चार्ट बहुतेक वेळा सडपातळ मुली डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. आपल्याकडे लार्ज आणि एक्स्ट्रा लार्ज धरून चाला: सहा नगांत एक मीडियम, दोन लार्ज, दोन एक्स्ट्रा लार्ज, एक डबल एक्सएल. डबल एक्सएल म्हणजे लार्जलाच बाजूने कापड वाढवलेलं नसावं. बाहीचा घेर आणि मुंढाही वाढायला हवा, नाहीतर हात वर केला की अख्खा कुर्ता वर येतो.

आता पैसे. पहिल्या हंगामात चारच डिझायनर घ्या, दोघांचा माल रोखीने विकत आणि दोघांचा विक्री-किंवा-परत तत्त्वावर. रोखीचे दोघे, प्रत्येकी २४ नग, होलसेल सरासरी २,००० रुपये धरले तर ९६,००० होतात. सॅम्पल, प्रवास आणि तपासणीला २४,०००. ६०,००० बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. जे डिझाइन तीन आठवड्यांत संपेल ते पुन्हा मागवायला ते लागतात, आणि नव्या बुटीकची कमाई बहुतेक वेळा या दुसऱ्या खेपेतच होते. उरलेले १,२०,००० रॅक, ट्रायल रूमचा आरसा, कुरिअर, कर आणि फोटो यांना पुरवा. ट्रायल रूमच्या उजेडात काटकसर करू नका. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली नैसर्गिक रंग मळकट दिसतात.

भाव ठरवताना जीएसटीचा एक खड्डा ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. म्हणजे करासहित किंमत २,६२५ पर्यंत असेल तर ५ टक्क्यांत बसते, आणि १८ टक्क्यांची सुरुवात २,९५० च्या पुढे होते. मधल्या पट्ट्यात किंमत ठेवण्यात काही अर्थ नाही. २,७९९ ची पाटी लावायचा मोह टाळा: एक तर २,६२५ ला आणा, नाहीतर कापड आणि काम तेवढ्या तोलाचं असेल तर ३,२०० ला न्या. २,००० ला घेतलेला कुर्ता ४,४०० ला विकला तर त्यात कर ६७१ रुपये, तुमच्या हाती करापूर्वीचे ३,७२९, म्हणजे ढोबळ नफा १,७२९. भाडं, पगार, न खपलेला माल हे सगळं यातूनच जाणार. होलसेलच्या २.२ पटीखाली एमआरपी ठेवणं पहिल्या वर्षी परवडत नाही ते यामुळेच. डिझायनर स्वतःच्या पेजवर तोच कुर्ता ३,६०० ला विकणार नाही, हे आधी लिहून घ्या. गिऱ्हाईक दुकानात उभं राहूनच फोनवर भाव बघतं.

विक्री-किंवा-परतच्या मालाला दोन नियम आहेत. माल डिलिव्हरी चलनावर येतो आणि विकला गेला की बिल बनतं, पण सहा महिन्यांच्या आत ते बनलंच पाहिजे किंवा माल परत गेला पाहिजे. आणि तुम्ही डिझायनरच्या वतीने, त्याचा एजंट म्हणून विकत असाल तर उलाढाल ४० लाखांखाली असली तरी जीएसटी नोंदणी लागू शकते. करारावर सही करण्याआधी हे दोन मुद्दे सीएला दाखवून घ्या. करारात मुदत ९० दिवस, दुकानाचं कमिशन, जाण्या-येण्याच्या कुरिअरचा खर्च कोणाचा, आणि ट्रायलमध्ये डाग पडला किंवा लिपस्टिक लागली तर नुकसान कोणाचं, हे चारही लिहा. डागाचं नुकसान दुकानाचं असावं. दुकान तुमचं, ट्रायल रूम तुमची.

रोखीच्या ऑर्डरला अर्धे पैसे आगाऊ आणि अर्धे माल आल्यावर, असं ठेवा. उधारी केलीच तर डिझायनरची उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी, नोंदणी आहे का ते पाहा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं, आणि वर्षअखेर थकलेली रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. कायदा सोडला तरी नव्या डिझायनरचं पुढचं कापड तुमच्याच पैशांतून येणार असतं. पैसे अडकले की पुढचं कलेक्शनच अडकतं.

नक्कल हा दुखरा विषय आहे, तो टाळता येणार नाही. खपलेलं डिझाइन कोपऱ्यावरच्या टेलरकडून निम्म्या पैशांत करून घ्यायचा सल्ला तुम्हाला पहिल्याच महिन्यात कोणीतरी देईल. तो ऐकू नका. नवीन डिझाइनची डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी झाली तर दहा वर्षं संरक्षण मिळतं, आणखी पाच वाढवता येतात. नोंदणी न केलेलं, पण नोंदवता येण्यासारखं डिझाइन औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नगांत निघालं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. हे नव्या मुलांना बहुधा माहीत नसतं, तुम्हीच सांगा. आणि उलट बाजूही बघा: जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, कोल्हापूरचं नाव कुठेही नव्हतं, आणि ओरड झाल्यावर त्यांनी मूळ मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय आणि तो महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांपुरता आहे. तुमचा डिझायनर कपड्याबरोबर 'कोल्हापुरी' किंवा हुपरीच्या चांदीच्या वस्तू देत असेल तर कोणाकडून केल्या ते टॅगवर असू द्या. आपल्याच गावात दुकान काढून कारागिराचं नाव गाळणं शोभणार नाही.

वेळापत्रक नवरात्रापासून मागे मोजा. छोट्या डिझायनरला २४ नगांना पाच-सहा आठवडे लागतात आणि त्यात पावसाळा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कापड सुकत नाही, नैसर्गिक रंगाचं तर नाहीच, आणि बंद कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते. म्हणून नवरात्र-दिवाळीची ऑर्डर जूनच्या मध्यापर्यंत पक्की करा, म्हणजे रंगाईचं काम मोठ्या पावसाआधी उरकतं. लग्नसराईची ऑर्डर ऑगस्टअखेर द्या. पहिली खेप आली की प्रत्येक नगाला वहीत एक ओळ द्या: कधी आला, कधी विकला, कोणत्या साइजला, आणि ट्रायल करून परत ठेवला तर का. "मुंढा घट्ट", "गळा खोल", "रंग आवडला, लांबी नको" असे शेरे महिन्याच्या शेवटी डिझायनरला फोनवर वाचून दाखवा. त्याला ही माहिती दुसरं कोणीच देत नाही, आणि तुमच्या पुढच्या ऑर्डरचे कुर्ते कोल्हापूरच्या अंगाला बसायला लागतात.